रणपिसेकाकांची पिवळी रेघ

श्री. मधुकर रणपिसे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. हे गौरवग्रंथात लिहावे की नाही, असे मी संपादक मंडळाला विचारले होते. "पहिल्या परिचयाने सुरुवात करा, मग कार्य, मग मूल्ये," असे त्यांचे उत्तर आले. आता पहिला परिचयच भांडणाचा असेल तर माझा नाइलाज आहे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी महाळुंग्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. स्वभावही तसाच झाला आहे, असे घरचे म्हणतात. त्या वर्षी मी हौसेने एक जुनी, टर्बो इंजिनाची लाल गाडी घेतली होती. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर फिरणारा छोटा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडीला एकदम जोर चढतो. माझ्या गाडीला जोर काही चढत नव्हता, नुसती शिट्टी वाजत होती. चार ठिकाणी दाखवून झाल्यावर कोणीतरी चिखलीतल्या बाळासाहेब जाधवांच्या गाडीदुरुस्तीच्या शेडचा पत्ता दिला. मी लॅपटॉप, आलेख, नोंदींचे कागद असा सगळा दारूगोळा घेऊन तिथे पोचले. शेडमध्ये पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि खिशाला पिवळे पेन लावलेले एक वयस्कर गृहस्थ स्टुलावर बसले होते. त्यांनी माझ्या आलेखाकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"मॅडम, गाडी बंद कधी करता?" त्यांनी विचारले.

"घरी पोचल्यावर. अजून कधी करणार?"

"लगेच?"

"मग काय आरती करून?" माझा पारा चढला होता.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "तुम्ही पोचलात, पण तो पंखा अजून पोचलेला नसतो," ते म्हणाले. "तो आत लालबुंद होऊन फिरतच असतो. तुम्ही किल्ली काढली की त्याचं तेल तुटलं. दोन मिनिटं इंजिन हळू चालू द्यायचं, त्याला निवू द्यायचं, मग बंद करायचं." एवढे सांगून त्यांनी बादलीत साबणाचा फेस केला, हवेच्या नळीत पंपाने दाब भरला आणि पंक्चर काढणारे बघतात तसा नळीवर फेस फासत गेले. एका वाकणाखाली बुडबुडे आले. नखाएवढी चीर होती. चार ठिकाणच्या संगणकांना ती सापडली नव्हती.

"आलेख चांगला आहे हो तुमचा," ते म्हणाले, "फक्त त्याला फेस येत नाही."

त्या दिवसापासून ते माझे रणपिसेकाका झाले आणि मी त्यांची 'इन्स्पेक्टरबाई'. अनघा या नावाने ते मला फार क्वचित हाक मारतात, आणि मारली की समजावे, प्रकरण गंभीर आहे.

आता कार्य. काकांचे बालपण दापोडीत, रेल्वेच्या रुळांलगतच्या गल्लीत गेले. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात भट्टीवर होते. काका आयटीआय करून इंजिने बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटले आणि चौतीस वर्षे इंजिन-चाचणी विभागात राहिले. हे काम बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते, म्हणून सांगते. नवे इंजिन जमिनीला घट्ट आवळतात, बंद खोलीत पूर्ण रेसवर तासन्‌तास चालवतात, आणि जाड काचेआड उभे राहून एक माणूस काटे बघत नोंदी घेत राहतो. तो माणूस म्हणजे काका. त्या आवाजाने त्यांचा डावा कान जवळजवळ गेला. तेव्हापासून ते इंजिन जबड्याने ऐकतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावायचे, त्याची मूठ गालाच्या हाडावर टेकायची आणि डोळे मिटायचे. आतले बेअरिंग कुरकुरत असेल तर काकांचे हाड ते सांगते. आमच्या कंपनीतले महागडे यंत्रही सांगते, पण उशिरा.

निवृत्तीनंतर ते बाळासाहेबांच्या शेडवर येऊ लागले. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की काका चिखलीला, हा त्यांचा सतरा वर्षांचा नेम आहे. तिथे आमच्यासारखे नोकरदार हौशी जमतात, गाड्या खोलतात, त्यांत फेरफार करतात, आणि वर्षातून एकदा हौशी लोकांसाठी खुल्या होणाऱ्या एका खासगी ट्रॅकवर त्या पळवतात. शर्यत नसते, बक्षीस नसते. रस्त्यावर जे करू नये ते तिथे रीतसर करावे, एवढाच उद्देश. अशा कितीतरी गाड्या काकांच्या हातून तयार होऊन गेल्या. त्यांतली एकही काकांनी स्वतः पळवलेली नव्हती, आणि हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

काकांना पंचाहत्तरावे लागले तेव्हा आम्ही सत्काराच्या गोष्टी करू लागलो. शाल कुठली, श्रीफळ कोणाच्या हातून, हॉल कोणता. काका स्टुलावरून ऐकत होते.

"शाल नको. उकडतं," ते म्हणाले. "मला एकदा इंजिनाबरोबर जायचंय."

कोणाला काही कळेना. मग ते हातातले फडके घडी करत म्हणाले, "चौतीस वर्षं फुल रेसवर इंजिनं चालवली राव. एकही जागचं हललं नाही. ते काचेच्या पलीकडं, मी अलीकडं. घरची छोटी गाडी आहे, पण दापोडीच्या रस्त्यावर कुठं पाय दाबायचा? एकदा बरोबर जाऊन बघतो."

बाळासाहेब चिखलीचे मूळचे गावकरी, मनात आले की ओठांवर आलेच. "व्हय काका, मग जायचं की! आमी कशाला हाय इथं?" ते म्हणाले आणि विषय संपला. गाडी माझी न्यायची ठरले, कारण सात वर्षांत काकांनी सर्वांत जास्त बोलणी खाऊन दुरुस्त केलेली गाडी तीच होती.

तयारीची हकीकत सांगण्याआधी मूल्यांविषयी लिहिते, कारण पुढे जे घडले ते त्यांच्यापायीच घडले. काकांच्या खिशाला पिवळे पेन असते, असे वर म्हटले आहे. बोल्ट आवळून झाला की बोल्टावरून खालच्या भागापर्यंत एक सरळ पिवळी रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. अशी रेघ पुष्कळ कारखान्यांत ओढतात. काकांचा नियम त्यापुढचा आहे. ज्याने बोल्ट आवळला त्याने रेघ ओढायची नाही. दुसऱ्याने पाना लावून बघायचे आणि मगच ओढायची. "स्वतःचं काम स्वतःला चांगलंच दिसतं," असे ते म्हणतात.

कंपनीत एकदा महिनाअखेरीला माल रवाना व्हायचा होता आणि एका इंजिनावर रेघ नव्हती. आवळणारे गृहस्थ शिफ्ट संपवून घरी गेले होते. साहेब म्हणाले, "रणपिसे, ओढा रेघ. ट्रक गेटवर उभा आहे." काका म्हणाले, "मी पाहिलेलं नाही साहेब." साहेब तापले. काकांनी पाना आणला आणि अर्धा तास घेऊन एकेक बोल्ट बघितला. सगळे चोख निघाले. "बघा, उगाच खोळंबा केलात," साहेब म्हणाले. त्यावर काका म्हणाले, "आधीही ठीकच होतं साहेब. पण आता पाहिलंय." ही गोष्ट मी आमच्या विभागात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगत असे, आणि सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ असे.

एका व्यक्तिगत ऋणाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माझे वडील चिंचवडच्या एका रुग्णालयात अकरा दिवस होते. कंपनी आणि रुग्णालय यांच्यात माझे पीठ झाले होते, आणि कोणी मदतीला आले की मी त्यांच्यावरच खेकसत होते. काका रोज संध्याकाळी दापोडीहून स्कूटरवर डबा घेऊन येत. त्यात त्यांच्या पत्नी सुमनकाकू यांच्या हातची मऊ भाकरी आणि दुधीची भाजी असे. "आता कसं वाटतंय" असे त्यांनी वडिलांना एकदाही विचारले नाही. ते शेजारी बसून मोठ्याने पेपर वाचून दाखवत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तेलाची बुधली आणली आणि वडिलांच्या पलंगाच्या कुरकुरणाऱ्या चाकांना तेल घातले. मग शेजारच्या पलंगाला. मग सगळ्या वॉर्डाला. परिचारिका रागवायला आल्या, आणि जाताना औषधांची ढकलगाडी काकांपुढे आणून उभी करून गेल्या. वडील त्या दुखण्यातून बरे झाले. ते आजही काकांना 'तेलवाले' म्हणतात.

तर तयारी. मला वाटले होते, काका बसणार म्हणजे गाडीचा जोर आणखी वाढवायचा. मी मोठ्या टर्बोची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. काकांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "इन्स्पेक्टरबाई, आधी थांबायचं बघू. पळण्याचं काय, ते कोणीही पळेल." चार रविवार त्यांनी इंजिनाला हात लावू दिला नाही. ब्रेकपॅड बदलले, जुने ब्रेक ऑइल काढून चटकन न उकळणारे भरले, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, मागची सीट आणि स्टेपनी काढून वजन कमी केले. मी चारही रविवार चिडचिड केली. पाचव्या रविवारी इंजिनाची पाळी आली. टर्बोला तेल पुरवणारी बोटभर नळी काकांनी स्वतः काढून धुतली, कारण त्या पंख्याचा सगळा जीव त्या नळीत असतो. शेडच्या भिंतीवर त्यांनी खडूने सगळ्या बोल्टांची यादी लिहिली होती. रेघ पडली की यादीत खूण करायची.

घरची परवानगी मिळवणे याहून अवघड होते. "कान कंपनीत घालवलेत, आता काय घालवायचंय?" सुमनकाकूंनी विचारले. मी काकांना डॉक्टरांकडे नेऊन प्रमाणपत्र आणले. रक्तदाब, साखर, डोळे, सगळे माझ्यापेक्षा बरे निघाले. काकूंनी तो कागद दोनदा वाचला आणि अट घातली. "या एका दिवसापुरतं हो म्हणते. मी बरोबर येणार. आणि हेल्मेटचा पट्टा मी लावणार."

ट्रॅकचा दिवस दसऱ्यानंतरच्या रविवारी होता. खंडेनवमीच्या दुपारपर्यंत यादीत एकच बोल्ट उरला होता, टर्बोच्या तेलाच्या नळीचा. तो टॉर्क रेंचनेच आवळावा लागतो. हा पाना ठरलेला जोर लागला की 'कट्' असा आवाज करतो. पण बाळासाहेबांनी सकाळीच हत्यारांची पूजा मांडली होती आणि टॉर्क रेंच हळदकुंकू लावून झेंडूच्या फुलांखाली बसला होता. "काका, आज तेवढा पाना हलवायचा न्हाई," बाळासाहेब म्हणाले. काका स्वतः ही पूजा करत नाहीत. "माझं हत्यार मी रोज पुसतो," एवढेच ते म्हणतात. पण दुसऱ्याची श्रद्धा दुखवणे त्यांना जमत नाही. आपल्या पिशवीतल्या लहान पान्याने त्यांनी बोल्ट नुसता बसवून ठेवला, रेंच दसऱ्यानंतर लावायचा असे मनाशी ठरवले आणि ते घरी गेले.

मी त्या वेळी शेडबाहेर फोनवर कंपनीच्या एका तक्रारीवरून तासभर वाद घालत होते. आत आले तर काका गेलेले, बोल्ट बसलेला आणि यादीत शेवटची एकच जागा मोकळी. मी बोटाने बोल्ट चाचपला. हलला नाही. काकांच्या हातचा बोल्ट! त्यावर पाना लावून बघणे मला उद्धटपणाचे वाटले. मी पेन काढले, छान सरळ रेघ ओढली आणि भिंतीवर खूण केली. कंपनीत एखाद्या ऑपरेटरला असे करताना पकडले असते तर मी त्याची कातडी सोलली असती.

दसऱ्याला काका विहाराच्या कार्यक्रमात होते. त्यानंतर ते शेडवर आले तेव्हा त्यांनी ती रेघ पाहिली. अनघाने रेघ ओढली म्हणजे रेंच लावून 'कट्' ऐकले असणार, असे त्यांनी धरून चालले. काकांनी बाळासाहेबांचा मान राखला, मी काकांचा राखला, आणि काकांनी माझ्या रेघेचा. बोल्ट तेवढा तसाच राहिला.

रविवारी सकाळच्या तपासणीत गाडी पास झाली. सकाळच्या फेऱ्या मी मारून गाडी बघून घ्यायची आणि दुपारच्या शेवटच्या सत्रात काकांनी बसायचे, असे ठरले होते. माझ्या चौथ्या फेरीत जळक्या तेलाचा वास आला. बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघू लागला आणि वळणावरच्या झेंडेवाल्यांनी मला ताबडतोब बाहेर काढले. तापलेल्या लोखंडावर तेलाचे थेंब पडत होते. आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर गाडीने पेट घेतला असता.

ट्रॅकवरचे तपासनीस तरुण होते, पण खमके होते. "मॅडम, गाडी बाद. शेवटच्या सत्राआधी गळती बंद करून दाखवलीत तर पुन्हा बघतो. नाहीतर आज नाही," त्यांनी सांगितले. आज नाही म्हणजे पुढच्या वर्षी. काकूंचा होकार त्या एका दिवसापुरता होता. आणि पंचाहत्तरीतल्या माणसाला पुढच्या वर्षाचा वायदा कोणत्या तोंडाने करायचा, हा प्रश्न आम्ही कोणी बोललो नाही तरी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. काका हातातल्या हेल्मेटची काच उगाच पुसत उभे होते.

त्यांनी हेल्मेट ठेवले, टॉर्च घेतला आणि वाकून पाहिले. मीही पाहिले. पिवळी रेघ जागच्या जागी, सरळ होती. बोल्ट सैल झाला असता तर ती तुटली असती. रेघ अखंड होती, म्हणजे बोल्ट फिरला नव्हता. तो मुळात आवळलाच गेला नव्हता.

"काका, मी न बघता रेघ ओढली," मी म्हणाले. काकू, बाळासाहेब, तपासनीस, शेजारच्या गाड्यांचे लोक, सगळ्यांच्या देखत म्हणाले. "तुमच्या हातचा बोल्ट होता म्हणून." इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काकांनी टॉर्च विझवला. मग म्हणाले, "मी सांगून जायला हवं होतं. तू बघायला हवं होतं. बाळासाहेबांची पूजा तेवढी बरोबर झाली." बाळासाहेब रडकुंडीला आले होते, त्यांनाही हसू फुटले. पुढचे मात्र काका हसून बोलले नाहीत. "अनघा, ही पद्धत एकमेकांवर विश्वास नाही म्हणून ठेवलेली नाही. विश्वास असला की माणूस बघत नाही, म्हणून ठेवली आहे."

बोल्टाखालचे तांब्याचे दोन वायसर, म्हणजे तेल गळू नये म्हणून घातलेल्या चकत्या, वाकडे दबले होते. एकदा असे दबले की ते पुन्हा नीट बसत नाहीत, नवे लागतात, आणि नवे दोन तासांवर चिखलीच्या शेडमधल्या खणात होते. इंजिन निवेपर्यंत तासभर गेला. मग काका ते शर्टाच्या गुंडीएवढे वायसर मुठीत घेऊन सरळ चहाच्या टपरीवर गेले.

"भाऊ, पाच मिनिटं शेगडी द्या."

"अहो काका, चहा ठेवलाय ना!"

"चहा पुन्हा ठेवता येईल," काका म्हणाले, आणि त्यांनी पातेले स्वतःच उतरवले.

चहावाल्यांच्याच सांडशीत धरून काकांनी एकेक वायसर लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्याच्या पेल्यात टाकला. चर्रर्र झाले. "पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ होतं," ते भोवती जमलेल्या लोकांना सांगत होते. "मऊ झालं की पुन्हा नव्यासारखं बसतं." मग फरशीवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यांनी दोन्ही वायसर गोल गोल घासले. चहावाले चहा विसरून टॉर्च धरून उभे होते.

काकांनी बोल्ट बसवला आणि टॉर्क रेंच लावला. कट्. त्यांनी रेंच माझ्या हातात दिला.

"बघ," ते म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

मी रेंच लावला. कट्. जुनी रेघ पुसून नवी ओढली. ती जरा वाकडी आली. सांडलेले सगळे तेल आम्ही साबणाच्या पाण्याने धुऊन काढले. इंजिन दहा मिनिटे चालवले. तपासनिसांनी खाली एक कोरा कागद ठेवला होता, तो उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. तो कोराच होता. "जा काका," ते म्हणाले.

काकूंनी हेल्मेटचा पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला आणि माझ्याकडे वळल्या. "तूही ओढून बघ." मी बघितला.

मी शेजारच्या सीटवर बसले. पहिली फेरी काकांनी अशी मारली की जणू मागे कोणी आजारी माणूस झोपले आहे. दुसऱ्या फेरीत वळणे ओळखीची झाली. "ब्रेक चांगले आहेत," ते एवढेच म्हणाले. तिसऱ्या फेरीत लांब सरळ पट्टा समोर आला आणि काकांनी पाय तळापर्यंत दाबला. टर्बोने शिट्टी घातली, सीटने पाठ ढकलली, कठडा मागे पळू लागला आणि हेल्मेटमधून काकांचा असा आवाज आला, जो मी सात वर्षांत ऐकला नव्हता.

"हलतंय! अगं अनघा, हे हलतंय!"

मी ढसाढसा रडत होते. हेल्मेटमुळे कोणाला दिसले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

पुढे एक कोरी करकरीत, आमच्याहून कितीतरी ताकदीची गाडी चालली होती. वळणाआधी तिच्या चालकांनी ब्रेक लवकर दाबला. काकांनी उशिरा दाबला, कारण थांबण्याची खात्री आम्ही चार रविवार घालवून करून घेतली होती. वळणातून बाहेर पडताना त्या चालकांनी खिडकीतून हात काढून आम्हाला वाट दिली आणि काका पुढे गेले. कठड्यावर बाळासाहेब टोपी उडवत ओरडत होते. पुढच्या प्रत्येक फेरीत ते तिथेच होते आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा जलद झाली. सहा फेऱ्या झाल्या.

गाडी परत जागेवर येऊन उभी राहिली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत धावले. झेंडेवाले, तपासनीस, चहावाले, मागे पडलेल्या गाडीचे मालकसुद्धा. काकांनी काच खाली केली आणि एक बोट वर केले. थांबा. पूर्ण दोन मिनिटे काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. इंजिन हळू चालत होते आणि आत तो पंखा निवत होता. तेवढा वेळ सगळी गर्दी गाडीभोवती चिडीचूप उभी होती. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या.

"झालं समाधान?" काकूंनी पट्टा सोडवत विचारले.

"झालं," काका म्हणाले. "फक्त मागचे ब्रेक पुढच्या वर्षी अजून जरा बघायला लागतील."

काकूंनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाल्या नाहीत.

काकांना आणि सुमनकाकूंना शंभर वर्षे लाभोत, ती हिंडत्याफिरत्या पायांची आणि खणखणीत तब्येतीची असोत, आणि दर वर्षी त्या सरळ पट्ट्यावर काकांचा पाय तळापर्यंत जावो, एवढे मागणे आम्हा सर्वांच्या वतीने मांडते. पण तेवढ्याने माझे काम संपत नाही. ज्याने आवळले त्याने रेघ ओढायची नाही, हा काकांचाच नियम. पंचाहत्तर वर्षे त्यांनी जे जे सांभाळले, ते काम, तो शब्द, ती माणसे, त्यावर त्यांना स्वतःला रेघ ओढता येणार नाही. ती दुसऱ्या कोणीतरी ओढायला हवी. काका, या वेळी तुमच्या हातचे आहे म्हणून मी काही सोडलेले नाही. सात वर्षे एकेक ठिकाणी पाना लावला आहे. कुठेही सैल नाही. ही माझी रेघ घ्या. थोडी वाकडी आली आहे, पण बघून ओढली आहे.